चकमकीच्या बंदुकीने हरणाची पायी शिकार: पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. दुर्बिणी लावलेल्या रायफलींची गर्दी तोवर ओसरलेली असते. आता राज्याच्या बहुतेक जंगलात बंदूक न्यायची तर ती तोंडाकडून ठासायची आणि चकमकीने पेटणारीच हवी. टोपीने, म्हणजे केपाने, बार उडवणारी बंदूकही चालत नाही. हा हंगाम १९७४ साली निवडक सरकारी शिकार-जमिनींवर सुरू झाला आणि पुढे राज्यभर पसरला. फिलाडेल्फिया किंवा पिट्सबर्गच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर शिकारीला जायचं म्हणत असेल, तर माझा आग्रह आहे की त्याने याच हंगामापासून सुरुवात करावी. हातात एकच गोळी असते, दुसरी ठासायला अर्धं मिनिट तरी जातं, आणि हरीण पन्नास-साठ पावलांवर आल्याशिवाय चाप ओढण्यात अर्थ नसतो. त्यामुळे जंगलात चालायचं कसं आणि थांबायचं कधी हे शिकावंच लागतं.

हे सगळं पेनसिल्व्हेनियापुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काही करून पाहू नका.

शिकार करायचीच कशाला, असं घरचे विचारतीलच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने इथली हरणं जवळपास संपली होती. १८९५ मध्ये शिकार आणि वन्यजीवांचं काम पाहणारं पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन स्थापन झालं, १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली, आणि ती वाढली. पण लांडगा आणि डोंगरी सिंह या राज्यातून गेले ते गेलेच. हरणं फार झाली की जंगलातली कोवळी रोपं उरत नाहीत, आणि मोठी झाडं म्हातारी झाली तरी खाली नवी पिढी दिसत नाही. ही संख्या आटोक्यात ठेवायचं काम इथे परवानाधारक शिकारी करतात.

आधी कागदपत्रं

पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर सर्वसाधारण परवाना आणि त्यावर ठासणीच्या बंदुकीचा जोडपरवाना. शिंगं नसलेल्या हरणासाठी वेगळा परवाना असतो आणि तो विभागवार वाटला जातो. तारखा आणि विभागांचे नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून गेम कमिशनची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. मित्राने सांगितलेलं बहुतेक वेळा गेल्या वर्षीचं असतं.

तुम्ही व्हिसावर असाल तर बंदूक विकत किंवा उसनी घेण्याआधी वकिलाला विचारा. संघराज्याचा कायदा अशा बंदुकीकडे जुनं शस्त्र म्हणून वेगळ्या नजरेने पाहतो, पण राज्याचे नियम स्वतंत्र असतात आणि परक्या नागरिकाला चूक महागात पडते.

सरकारी शिकार-जमिनी, म्हणजे गेम लँड्स, सुमारे १५ लाख एकर आहेत. शिवाय वायव्येला अलिगेनी राष्ट्रीय वन आहे. जागेला तोटा नाही. खासगी जमिनीवर मात्र मालकाची परवानगी तोंडदेखली नको, स्पष्ट घ्या. आणि राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत मालकाच्या संमतीशिवाय बंदूक चालवता येत नाही.

बंदूक

हरणासाठी कायद्याने .४४ किंवा त्याहून मोठ्या व्यासाची नळी लागते. नवख्याने .५० घ्यावी, म्हणजे नळीचं तोंड साधारण साडेबारा मिलिमीटर. गोळ्या, त्यांच्याभोवती गुंडाळायच्या चिंध्या, गोळी आत ढकलायचा गज सगळं याच मापाचं सहज मिळतं. दुर्बीण चालत नाही. पुढे माशी, मागे खाच, एवढ्यावर नेम धरायचा.

नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, संथ असलेल्या बऱ्या: गोल गोळीसाठी ६० ते ६६ इंचांत एक वेढा उत्तम, ४८ इंचांतही काम भागतं. २८ इंचांत एक वेढा असलेली नळी लांबट गोळ्यांसाठी केलेली असते, गोल गोळीला ती जाच करते. लांब नळीची, सडपातळ दस्त्याची जी रायफल पुढे केंटकी रायफल म्हणून गाजली, ती मुळात याच राज्यातली. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्याकडची आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक हळूहळू लांब आणि बारीक व्यासाची करत नेली. शिसं आणि दारू वाचावी हा त्यातला एक हेतू.

दुकानात बंदूक हातात आली की आधी चकमकीचा भाग पाहा. घोडा म्हणजे चाप ओढला की पडणारा खटका; त्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी असते. समोर उभी पोलादी झडप, तिला फ्रिझन म्हणतात. तिच्याखाली रंजकाची, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या चिमूटभर बारीक दारूची, छोटी वाटी, आणि वाटीशेजारी नळीत जाणारं बारीक भोक, म्हणजे कान. घोडा पडला की गारगोटी फ्रिझनला खरवडत खाली येते, झडप उघडते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजकाची दारू भडकते आणि तिची आच कानातून आत शिरून मुख्य दारू पेटवते. आत दारू नाही याची खात्री करून अंधाऱ्या खोलीत घोडा पाडून बघा. पांढऱ्या, जाड ठिणग्या वाटीत पडून क्षणभर चुरचुरल्या पाहिजेत. लालसर आणि विरळ पडत असतील तर गारगोटी बोथट आहे, वाकडी बसली आहे किंवा फ्रिझनचं पोलाद नरम आहे. गारगोटीची धार फ्रिझनला पूर्ण रुंदीभर टेकली पाहिजे, एका कोपऱ्याने नव्हे. बंदुकीच्या बाकी सजावटीवर खर्च करण्याआधी इथे पैसे घाला.

दारू आणि गोळी

दारू म्हणजे खरी काळी दारू: सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. बाजारात तिच्याऐवजी वापरायच्या पर्यायी दारू मिळतात, पण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीवर त्या दगा देतात. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू या नळीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते, आणि तुमचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

नळीत जाडसर दाण्याची, दोन एफ जी प्रतीची दारू. वाटीत अगदी बारीक, चार एफ जी. .५० च्या बंदुकीला ७० ग्रेनपासून सुरुवात करा (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). ५-५ ग्रेनने वाढवत जा आणि ज्या मापाला गोळ्या सर्वांत जवळजवळ बसतात तिथे थांबा. बहुतेक बंदुका ७० ते ९० मध्ये खूश असतात, तरी बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. गोळी शुद्ध शिशाची, .४९० इंचाची, वजन सुमारे १७७ ग्रेन. तिच्याभोवती घट्ट विणीच्या सुती कापडाची चिंधी, साधारण .०१५ इंच जाड, तेल किंवा चरबी चोळलेली. चिंधीच नळीतल्या पिळांना धरते आणि गोळीला फिरकी देते.

ठासायचं कसं

हे नेमबाजीच्या मैदानावर, अनुभवी माणसाला शेजारी उभं करून शिका.

बंदूक हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ती भरलेली नाही ना ते बघणं. गज आत सोडा. रिकाम्या नळीत तो जिथवर जातो तिथे गजावर एक खूण कायमची करून ठेवा. भरलेल्या नळीसाठी वर दुसरी खूण. या दोन खुणांइतकी स्वस्त सुरक्षितता दुसरी नाही. मग कोरड्या चिंधीने नळीतलं तेल पुसा आणि कानात तार घालून भोक मोकळं करा.

दारू ती साठवायच्या शिंगातून मापात घ्या, शिंगाचं तोंड बंद करा, मग मापातून नळीत ओता. शिंगातून थेट नळीत कधीच नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी जिवंत असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. नळीला बाहेरून दोन चापट्या मारा म्हणजे दारू तळाला बसते. नळीच्या तोंडावर चिंधी, तिच्यावर गोळी, ओतीव टोक असेल तर ते वर. छोट्या ठोकण्याने ती तोंडात उतरवा आणि पुढे गजाने ढकला. गज नळीच्या तोंडाजवळच, वीतभरावर धरायचा आणि थोडं थोडं ढकलायचं. लांब धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि मोडलेलं टोक तळहातात घुसतं. चेहरा आणि छाती नळीच्या तोंडावरून बाजूला.

गोळी दारूवर पक्की टेकली पाहिजे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गजावरची दुसरी खूण बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही घाई असो.

रंजक सगळ्यात शेवटी, घोडा अर्ध्यावर असताना आणि बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला असताना. तीन-चार ग्रेन पुरे. वाटी शिगोशीग भरली आणि कान दारूने बुजला तर आग वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा सुटतो. कानासमोर जागा मोकळी असेल तर आच उडी मारून आत शिरते.

चाप ओढला आणि नुसतं वाटीतलं भडकलं, किंवा काहीच झालं नाही, तर बंदूक तशीच निशाण्याकडे धरून मिनिटभर थांबा. बार उशिरानेही सुटतो. मग कान साफ करून पुन्हा रंजक घाला. दर बारानंतर किंचित ओलसर चिंधी आणि मग कोरडी चिंधी नळीतून फिरवली की पुढची गोळी अडत नाही.

अंतर ठरवा आणि पाळा

हरणाच्या छातीतली मारक जागा साधारण आठ इंचांची. त्या मापाची कागदी प्लेट लावा आणि उभ्याने, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून मारून बघा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर. बहुतेक नवख्यांचं ते ५० यार्ड निघतं. सराव वाढला तर ७५. गोल गोळीला हवा फार अडवते, शंभर यार्डांवर पोचेपर्यंत वेगाचा मोठा भाग गेलेला असतो. लांबवर मारलेल्या गोळीने हरीण पडत नाही, जखमी होऊन झाडीत जातं आणि तडफडून मरतं. हे माझ्या दृष्टीने या शिकारीतलं सगळ्यात मोठं पाप आहे. शंका आली तर घोडा खाली.

टेबलावर बंदूक टेकवून केलेला सराव जंगलात फारसा उपयोगी पडत नाही. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणाचा अंश जातो आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे ज्वाळा उठते. नवखा दचकतो, मान वर करतो. डोळे खाचेतून माशीवर ठेवून धूर पसरेपर्यंत बंदूक हलू न देणं, ही सवय शेकडो बारांशिवाय लागत नाही. संरक्षक चष्मा कायम लावा, गारगोटीचे कण उडतात.

ओल

डिसेंबरअखेर इथे बर्फ, भुरभुर पाऊस, धुकं सगळं एका दिवसात होतं आणि काळ्या दारूची राख ओल ओढून घेते. चकमकीवर बांधायचं चरबी चोळलेलं चामड्याचं झाकण मिळतं, ते घ्या. बंदुकीचं तोंड खाली करून, चकमक काखेखाली धरून चाला. दमट हवेत दर तासाभराने वाटीतली दारू झटकून, वाटी पुसून नवी घाला. गारठलेली बंदूक उबदार गाडीत नेली की तिला आतून घाम सुटतो, म्हणून दुपारी जेवायला थांबलात तर रंजक काढून, कायद्यात बसेल अशा रीतीने ती थंड जागीच ठेवा.

चालणं

हंगामाच्या या टप्प्यावर हरणं हुशार झालेली असतात. महिनाभर त्यांच्यावर गोळ्या चालल्यात, माजाचा काळ सरलाय, नर थकलेत. दिवसा ती हेमलॉकच्या गर्द सदाहरित झाडांत, माउंटन लॉरेलच्या झुडपांच्या जाळ्यांत किंवा ऊन लागणाऱ्या दक्षिण उतारावर बसून रवंथ करतात. सकाळ-संध्याकाळ ओकची उरलेली फळं आणि कोवळ्या फांद्यांची टोकं खायला बाहेर पडतात. जानेवारीत काही नरांची शिंगं गळलेली असतात, त्यामुळे मादी समजून पाहिलेलं हरीण नर निघू शकतं.

वारा तोंडावर घ्या, फार तर आडवा. पाठीवर वारा असेल तर तुम्ही कितीही हळू चाला, पुढची हरणं केव्हाच निघून गेलेली असतात. खिशात बिनवासाची बारीक पूड ठेवा आणि वळणावळणावर चिमूट सोडून पाहा, कारण दरीत वारा फिरतो. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर जायला लागते, संध्याकाळी खाली. म्हणून सकाळी कडेकडेने वरून चालणं बरं, संध्याकाळी खालून.

चाल अशी: दोन-तीन पावलं, मग एखाद्या जाड खोडाला लागून थांबणं. थांबणं चालण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवा, खाली काटकी नाही हे तळव्याला कळलं की मग भार द्या. काटकी मोडलीच तर जागच्या जागी दोन मिनिटं उभे राहा. जंगलात फांद्या मोडतच असतात, एका आवाजाने हरीण पळत नाही, त्यामागून आलेल्या पावलांनी पळतं. तासाला दोन-अडीचशे यार्ड गेलात तरी फार झालं. कोरड्या पानांवर बर्फाचा कडक पापुद्रा असेल तर चालूच नका, हरणांच्या वाटेवर वाऱ्याखाली बसून राहा.

अख्खं हरीण शोधू नका, ते दिसत नाही. उभ्या खोडांच्या जंगलात आडवी रेघ शोधा, ती पाठ असते. कानाची फडफड, काळं नाक, पोटाखालचा पांढरा पट्टा. एक दिसलं की लगेच नेम धरू नका, आधी त्याच्या मागेपुढे बघा. माद्या कळपात असतात आणि जी तुम्हाला दिसली नाही तीच तुम्हाला पाहत असते. मादी मान खाली घालून चरतेय असं दाखवते आणि एकदम वर करते, त्या झटक्यात हललात की संपलं. ताज्या बर्फात माग मिळाला तर मागावरून सरळ चालू नका. हरीण मागच्या वाटेकडे तोंड करून बसतं. बाजूने, वाऱ्याखालून, मधूनमधून माग तपासत जा.

नारिंगी झगझगीत टोपी आणि जाकीट घाला. कायदा सगळ्या हंगामांत सारखा नसला तरी हे सोडू नका. हरणाला नारिंगी रंग मातकट दिसतो, माणसाला मात्र दुरून कळतो. निळे कपडे टाळा, निळा रंग हरणाला चांगला दिसतो. कुंपण ओलांडताना किंवा ओढ्यात उतरताना आधी रंजक झटका. आणि थंडी आहे म्हणून गोचीड नाही असं समजू नका. पारा शून्याच्या वर असला की काळ्या पायांची गोचीड जागी असते आणि या राज्यात लाइमचा आजार भरपूर आहे. घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागे नीट तपासा.

चाप

हरीण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ नेम. समोरून येणारं, पाठमोरं किंवा धावणारं हरीण सोडून द्या. मागे माती किंवा चढ हवा, टेकडीच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर गोळी नाही. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते, पण माशी धूसर दिसायला लागली की तुमचा दिवस त्याआधीच संपला.

बार झाला की समोर पांढरा धूर. खाली वाकून धुराखालून बघा हरीण कुठे गेलं, आणि कान द्या. ते उभं होतं ती जागा एखाद्या झाडावरून लक्षात ठेवा. मग पळत सुटू नका. जागेवर उभं राहून पुन्हा ठासा. अर्धा तास थांबा. त्या जागी केस आणि रक्त शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण शंभर यार्डांच्या आत सापडतं. गडद लाल म्हणजे बहुतेक यकृत, दोन-तीन तास तरी थांबा. हिरवट, वास येणारं म्हणजे आतड्यात लागलंय, आणखी बरेच तास त्याला उठवू नका. माग तुटला तर शेवटच्या थेंबावर कागद टाकून वर्तुळात शोधा. जखमी हरणासाठी काळोखात बॅटरी घेऊन हिंडावं लागलं तर हिंडायचं, फक्त बंदूक रिकामी करून आणि नियम पाहून.

हरीण पडल्यावर

हलवण्याआधी टॅग भरून लावा. दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवणं बंधनकारक आहे. पोट वरवर फाडा, चाकूची धार वर करून आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून, म्हणजे कोथळा फुटत नाही. आतडी लवकर निघाली आणि बरगड्या उघड्या राहिल्या की मांस लवकर थंड होतं. हातमोजे घाला. २०१२ पासून या राज्यात हरणांना मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग आढळतो. बाधित विभागांतून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. तपासणीची सोय आहे, ती वापरा. गोळी लागलेल्या जागेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाका, शिशाचे कण दूरवर जातात.

या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीचं मांस जाड तव्यावर थोडा वेळच, मध्ये गुलाबी राहील असं भाजा. पुढच्या पायाचं मात्र काळा मसाला घालून मंद आचेवर तीन तास, वरून तेल सढळ. कुकरच्या घाईत ते चामड्यासारखं होतं. घरात चालत नसेल किंवा जास्त झालं असेल तर १९९१ पासून चालू असलेली हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही योजना आहे. तिच्यात सहभागी खाटकाकडे हरीण दिलं की मांस गरजू लोकांच्या अन्नपेढ्यांना जातं.

बंदूक धुणं

दिवस रिकामाच गेला तर गोळी आत ठेवून बंदूक घरी आणू नका. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गोळी बाहेर ढकलणारं छोटं साधन मिळतं, ते पिशवीत असू द्या. बार झाला असेल तर त्याच रात्री, कितीही दमलात तरी, नळी धुवायची. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब. चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत. चकमक काढून वेगळी धुवा, फ्रिझन कोरडी करा आणि तिच्यावर तेल ठेवू नका, ठिणगी पडणार नाही. नळी आतून कोरडी झाली की तेलाचा हलका हात द्या आणि बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी आत फिरवून बघा. तपकिरी निघाली तर पुन्हा धुवा.